सावकाश होऊ द्या

मंदा टिळेकरच्या लग्नाची शेवटची पंगत वैशाखातल्या एका दुपारी दोन वाजता बसली आणि एकोणीस वर्षं उठली नाही.

कारण साधं होतं. सगळ्यांचं झाल्याशिवाय पंगतीतून कुणी उठत नाही, आणि मंदाच्या वडिलांचं, अण्णांचं, झालं नव्हतं. त्यांच्या पानात ताकभाताचा एक घास उरला होता. पंगत उठली की पाठवणी, हे त्यांना ठाऊक होतं. मंदा चार वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून घरात दोनच ताटं, आणि ती वाढायला अण्णांनीच तिला शिकवलं. आधी मीठ, तेही वर मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. त्या दोन ताटांतलं एक उचलून द्यायचं अण्णांच्या जिवावर आलं, म्हणून घास तसाच राहिला.

व्याही भापकर शेजारीच बसले होते. अण्णांचा हात थांबलेला पाहून ते रीतीप्रमाणे म्हणाले, "सावकाश होऊ द्या." बोलले आणि फसले. एकदा सावकाश म्हटलेल्या माणसाला घाई कोणत्या तोंडाने करणार? भापकर शब्दाचे पक्के होते. पुढे एकोणीस वर्षं त्यांनी त्या विषयावर चकार शब्द काढला नाही.

बसलेल्या पंगतीला वाढत राहावं लागतं. पहिले आठ दिवस जिलबी आणि मसालेभात झाला, आणि बरीच पोटं बिघडली. नवव्या दिवशी पंगतीने बसल्या जागेवरून ठराव केला, की रोजचा सण माणसाला सोसत नाही. यापुढे वरण, भात, एक भाजी आणि शेवटी ताक. गोड फक्त लग्नाच्या वाढदिवशी. कोशिंबिरीवर दोन वर्षं वाद चालला आणि तिसऱ्या वर्षी ती गेली. केळीची पानं जाऊन स्टीलची ताटं आली. सगळ्यांचे उजवे हात खरकटे असल्यामुळे कामं डाव्या हातांनी होऊ लागली, आणि पंगतीतल्या तलाठ्याची डाव्या हाताची सही कचेरीने मान्य केली. बाराव्या वर्षी भापकरांच्या आत्याबाई जेवता जेवता वारल्या, तेव्हा रीत मोडली का, असा प्रश्न निघाला. त्या उठल्या नाहीत, त्यांना उचलण्यात आलं, सबब रीत मोडलेली नाही, असं ठरलं आणि ताक पुढे फिरलं.

वाढायला मंदाच होती. शेवटच्या पंगतीला नवरीने वाढायचं, अशी भापकरांकडची पद्धत. शालूचा पदर कमरेला खोचून ती दोन्ही वेळा ओळीतून फिरे. समोरच्या ओळीत तिचा नवरा प्रभाकर बसलेला असे. "भात?" ती विचारायची. "थोडासा," तो म्हणायचा. एवढाच त्यांचा संसार. प्रभाकरला दुधी मुळीच आवडत नसे, पण दुधी असला की तो तीनदा मागून घेई, कारण मागितल्याशिवाय ती परत येत नसे. हे दिसलं की अण्णा खाली ताटात बघत आणि नवा घास मागे ठेवत.

एकोणीस वर्षं उलटल्यावर, मार्गशीर्षातल्या एका दुपारी, अण्णांनी मिठाकडे बोट नेलं तर तिथे नुसतं स्टील लागलं. मीठ उजवीकडे, भाजीला चिकटून पडलं होतं. त्यांनी शेजारच्या ताटात पाहिलं, मग पलीकडच्या. सगळ्या ओळीचं मीठ उजवीकडे गेलं होतं, आणि सगळे निमूट जेवत होते.

"मंदे, मीठ दिसत नाही का गं तुला?"

"जवळचं नाही दिसत, अण्णा. चाळिशी लागलीय, दोन वर्षं झाली. डॉक्टरकडे जायला हवं, पण पंगत बसलीय ना."

ती मीठ सारखं करायला वाकली. तिच्या भांगात पांढरे केस होते, बरेच होते. अण्णांना रडू आलं. मुलीला इतकी वर्षं डोळ्यांसमोर बसवून ठेवली आणि तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही, याची त्यांना फार लाज वाटली. राहू दे, म्हणाले.

मग त्यांनी भापकरांना विचारलं, की तुमच्या गावाला पोचायला किती वेळ लागतो.

"चार तास," भापकर म्हणाले. "आत्ता निघालं तर उजेडी पोचू. पण सावकाश होऊ द्या."

अण्णांनी शेवटचा घास उचलला आणि खाल्ला. चावायला त्यांना वेळ लागला, तेवढा सगळे थांबले.

पंगत उठली. गुडघे वाजले, हात धुवायला रांग लागली. पाठवणीची तयारी एकोणीस वर्षांपूर्वीच झालेली होती, त्यामुळे ती पाव तासात आटोपली. प्रभाकरने धुतलेल्या उजव्या हाताने मंदाची पेटी उचलली. गाडीत बसताना ती अण्णांना म्हणाली, "एकट्यासाठी फार घाट घालू नका. नुसता वरणभात टाका, पण जेवा."

अण्णा घरी आले. चूल झाडली, वरणभात टाकला आणि एक ताट घेतलं. मिठाची चिमूट घेतलेला हात सवयीने वर मधोमध गेला. त्यांनी ती उजवीकडे वाढली.

मग ते जेवले, शितन् शीत संपवलं. आता कुणाचं व्हायचं राहिलं नव्हतं. तरी अण्णा उठले नाहीत.