उतेकर सरांचं केंद्रक

आमच्या महाडच्या शाळेत उतेकर सर चहाचा कप घेऊन पळायचे. टपरी ते स्टाफरूम, कप धरलेला हात लांब, नजर मनगटावरच्या घड्याळावर. टपरीवाली सखूबाई ओरडायची, "अवो सर, चाय हाय ती, इस्तव नाय!" निम्मा चहा पँटवर सांडलेला, तरी स्वारी खूष. मला म्हणायचे, "साळवी, आज नऊ सेकंद!"

सवय जुनी. पोलादपूरचे हे गृहस्थ पूर्वी मुंबईत एका प्रयोगशाळेत होते. न्यूट्रॉन प्रमाणाबाहेर झालेली अणुकेंद्रकं कशी मोडतात, ते मोजायचे. अणुभट्टीतून काढलेला नमुना यंत्रापर्यंत नेईतो संपून जायचा, म्हणून पळायचं. मी मराठीचा मास्तर. पण त्यांनी हे इतक्यांदा ऐकवलं की वर्गात मीही शिकवलं असतं.

सगळ्या जगाचं ते अर्धायुष्य काढत. "हेडमास्तरांची शिस्त? अर्धायुष्य तीन दिवस. तीन दिवसांत निम्मी, पुढच्या तीन दिवसांत निम्म्याची निम्मी." नेमके तेव्हाच हेडमास्तर दारात उभे असत.

असा माणूस इथे खडू का झिजवत बसला? मुंबईत एकदा त्यांना आजवर कोणालाच न दिसलेलं केंद्रक दिसलं. अर्धायुष्य अकरा सेकंद. तिथला नियम असा, की वहीच्या पानावर त्याच दिवशी सहकाऱ्याने साक्षीची सही करायची. हे महाशय आनंदाच्या भरात पेढे आणायला धावले आणि सही राहिली. पुन्हा मोजायला भट्टी मिळाली नाही. वरिष्ठ म्हणाले, "नमुन्यात घाण असेल." सरांनी राजीनामा फेकला.

पुढे कित्येक वर्षांनी एका जुन्या सहकाऱ्याने परदेशी नियतकालिकातलं पान पोस्टाने धाडलं. तिकडच्या लोकांना तेच केंद्रक सापडलं होतं. अकरा सेकंद. शोध अर्थातच त्यांच्या नावावर.

मी संतापलो. "पत्र लिहा! भांडा!"

"कशाच्या जोरावर?" त्यांनी कपाटातून मुंबईची ती जुनी वही काढून उघडली. "पानावर सही नाही."

"द्या इकडे, मी करतो."

"खोटी नको, साळवी." त्यांनी वही मिटली. स्टाफरूममध्ये आम्ही दोघेच होतो. "नुसतं तोंडाने म्हणा. की मी पाहिलं होतं."

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी म्हणालो, "सर, तुम्ही पाहिलं होतं. सगळ्यांच्या आधी."

तासाची घंटा झाली. सर उठले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "पुन्हा एकदा म्हणा."