वीस मार्कांचे बोंबील

उत्तनच्या कॅजिटनने एकसष्टाव्या वर्षी ठरवलं, की व्हिडिओ आपण एकट्याने करायचा, बायकोची मदत घ्यायची नाही. ठरवलं एवढंच. पुढे जे झालं ते त्याने ठरवलेलं नव्हतं.

कॅजिटन विशीत असताना बाप समुद्रावर गेला तो परत आला नाही, तेव्हा त्याचं कॉलेज सुटलं होतं. मग एका कंपनीत कारकुनी. रोज इस्त्रीचा शर्ट घालून उत्तनहून बस पकडायची. रिटायर झाल्यावर मुलगी क्लेअर म्हणाली, "डॅडा, आता तरी बीए कर." त्याने खरंच भाईंदरच्या एका कॉलेजात पहिल्यापासून नाव घातलं. वर्गात सगळी अठरा-वीसची पोरं. पहिल्या दिवशी तो आत शिरला तर सगळा वर्ग उभा राहिला. (प्राध्यापक समजून. तो मागच्या बाकावर जाऊन बसला तेव्हा सगळे बसले.)

समाजशास्त्र शिकवायला वैजयंता मॅडम होत्या. लातूरकडच्या, क्लेअरहूनही लहान. त्यांनी दुसऱ्या वर्षाला वर्गाचं इन्स्टाग्रामवर पान काढलं आणि सांगितलं, "पुस्तकातलं मला लिहून देऊ नका. आपल्या घरातलं एक काम घ्या, ते कोण करतं, कसं करतं, तीन मिनिटांत दाखवा. व्हिडिओ टाका नाहीतर लाइव्ह या. खाली कमेंटमध्ये चर्चा करू. वीस मार्क."

कॅजिटनची चाचणी मोतीबिंदूच्या ऑपरेशनात बुडाली होती. ह्या वीसांत आठ पडले नाहीत तर परीक्षेचा फॉर्म मिळणार नव्हता, म्हणजे आणखी एक वर्ष. आणि ह्या वयात वर्ष काय असतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

विषय त्याने बोंबील सुकवणं घेतला. घरासमोरच वलांडी, म्हणजे बांबूंना दोऱ्या बांधून केलेला उंच मांडव. त्याखाली त्याची बायको नोरा सकाळपासून टोपल्या घेऊन बसलेली.

"मी पण येऊ काय व्हिडिओत?" नोराने विचारलं.

"नको. तू फक्त फोन धर. आधी एक रिहर्सल करू. मी हात वर केला की दाबायचं."

"काय दाबायचं?"

"खालचं."

खाली दोन बटणं होती. नोराने एक दाबलं.

"नमस्कार," कॅजिटन घसा साफ करून म्हणाला. "आम्ही दर्यावर्दी लोक पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय करीत आलो आहोत. बोंबील हा मासा प्रथम शेपटीकडून दोरीला बांधला जातो."

"कोणी सांगितलं?"

"नोरा, मध्ये बोलू नको."

"शेपटीकडून कोण बांधतो? आजवर कोणी बांधला न्हाय."

कॅजिटनने ऐकलं नाही. (ऐकून घ्यायचा कोटा कंपनीतच संपला होता.) एक बोंबील बांधला, तो सुटून त्याच्याच चपलेवर पडला. दुसरा कावळ्याने नेला. मग वरच्या दोरीपर्यंत हात जावा म्हणून तो प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढला, स्टूल वाळूत कलला, त्याने आधारासाठी दोरी धरली आणि सकाळपासून नोराने टांगलेली अख्खी ओळ त्याच्यासकट खाली आली.

नोरा फोन हातात धरूनच जवळ आली.

"लागलं काय?"

"न्हाय."

"मग हे धर," ती म्हणाली. फोन त्याच्या हातात दिला आणि वाळूतले बोंबील एकेक करून बादलीत धुवायला बसली.

"बघ. ह्याचा जबडा त्याच्या जबड्यात अडकवायचा. असा. दोघं एकमेकांना धरून ऱ्हातात, मग दोरीवर टाकायचं. बांधायला लागत न्हाय. आयेने मला शिकवलं तेव्हा मी नववीत होती."

"मग?"

"मग काय. आये आजारी पडली. घरात कोणतरी पायजे ना बोंबील करायला. भाऊस शाळेत गेला, मी हितं आली. गणितात माझे भावापेक्षा जास्त मार्क होते, ठाऊक हाय तुला?"

कॅजिटनला ठाऊक नव्हतं. चौतीस वर्षांच्या संसारात त्याने स्वतःचं अर्धवट राहिलेलं कॉलेज तिला शंभरदा सांगितलं होतं. तिची शाळा का सुटली, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"तू कधी बोलली न्हाय."

"तू कधी विचारलं?" ती म्हणाली. रागाने नाही, बोंबलाला जबडा असतो हे सांगावं तशी. "बापूस गेला म्हणून तुझं शिक्षण सुटलं, त्याचं सगळ्या गावाला वाईट वाटलं. माझं सुटलं ते कोणाला कळलंच न्हाय. पोरगी घरकामाला लागली, एवढंच."

हात न थांबवता ती सांगत राहिली. ऊन किती लागतं, वारा फिरला तर काय करायचं, कुठल्या घरातली बाई कधीपासून वलांडीवर उभी आहे आणि त्यांतली कोण शाळेत हुशार होती. अर्धी ओळ पुन्हा उभी राहिली तेव्हा ती थांबली.

"फोनवर ते लाल काय लिहिलंय?"

कॅजिटनने चष्मा वर करून पाहिलं. 'लाइव्ह' लिहिलं होतं. सत्तेचाळीस जण बघत होते. खाली ओळी सरकत होत्या. संघप्रिया म्हणून वर्गातली मुलगी होती, तिने लिहिलं होतं, 'माझ्या आईला पण सातवीतून काढलं. आज विचारते तिला.' त्याखाली मॅडम: 'काका, कृपया बंद करू नका.'

अर्थात तोवर घाबरून त्याने बंद केलं होतं.

दोन दिवस तो कॉलेजला गेला नाही. तिसऱ्या दिवशी गेला, मॅडमसमोर उभा राहिला. "मॅडम, चूक झाली. ते माझं काम नव्हतं."

"नव्हतंच," मॅडम म्हणाल्या. "काम कोण करतं हेच दाखवायचं होतं, काका. व्हिडिओ मी वर्गाच्या पानावर ठेवलाय. सतरा दिलेत. पंधरा काकूंचे, दोन तुमचे."

"माझे दोन कसले?"

"स्टुलावरून पडलात म्हणून. नाहीतर त्या बोलल्याच नसत्या."

घरी येऊन त्याने नोराला सांगितलं. ती टोपल्या धुवायला गेली. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच्या पिशवीतून तिने समाजशास्त्राचं पुस्तक काढलं आणि वलांडीखाली बसून, बोट ओळीवर ठेवून, चार पानं वाचली. मग म्हणाली, "बायकांच्या कामावर एकच पान दिलंय." कॅजिटनने पाहिलं. खरंच एकच होतं.

त्या आठवड्यात तो परीक्षेचा फॉर्म घ्यायला खिडकीवर गेला. आतल्या क्लार्कने नाव वाचलं आणि मान वर केली.

"तुम्ही त्या बोंबीलवाल्या मॅडमचे कोण?"

"मिस्टर."

"अरे, काय बोलल्या त्या! माझ्या मिसेसने तीनदा व्हिडिओ बघितला. पण फोन कोणी धरला होता?"

"मी," कॅजिटन जरा ताठ होऊन म्हणाला.

"तरीच," क्लार्क फॉर्मवर शिक्का मारत म्हणाला. "त्या शाळेचं सांगत होत्या ना, तिथे भयंकर हलतो. काका, एक स्टँड घेऊन टाका."