टेबलावरचं सगळं काढायचंय!

टेबलावर सात वस्तू होत्या. पोट दाबून दाबून चपटी झालेली टूथपेस्टची ट्यूब, कान तुटलेला कप, उडालेला बल्ब, जोडीदार गमावलेला मोजा, दात पडलेला कंगवा, झाकण हरवलेली डबी आणि केस झडलेला दाढीचा ब्रश. या सात वस्तूंच्या जोरावर मी कलाक्षेत्रात खळबळ उडवणार होते!

पदवी माझी भौतिकशास्त्राची. पण रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात मला टाकाऊ वस्तूंची चित्रं काढायचा नाद लागला होता. सरांनी सांगितलं होतं, “संध्याकाळपर्यंत चित्र आणून दिलंस तर वाचनालयातल्या प्रदर्शनात लावतो. पण वस्तू समोर ठेवून काढायचं. आठवणीतून काढलेलं मला लगेच कळतं.” भिंतीवर एक खिळा माझ्यासाठी राखून ठेवला होता. आयुष्यात पहिल्यांदाच!

तेवढ्यात आत्या आली. आत्या उंबऱ्यात दिसली की आमच्या घरातली धूळ आपणहून खिडकीतून उडी मारते.

“काय गं हा उकिरडा?”

“आत्या, संध्याकाळच्या आत टेबलावरचं सगळं काढायचंय मला.”

“सगळं?”

“सगळं! एकही सोडायचं नाही.”

“एकटी काढणार?”

“मग काय, तुला येतं काढायला?”

“मला?” आत्याचा आवाज चढला. “जन्मभर दुसरं केलंय काय मी?”

मी इथेच सावध व्हायला हवं होतं. आत्याला साधं वर्तुळ काढता येत नाही. पण पांढरा रंग संपला होता आणि डोक्यात खळबळ होती. मी दुकानात पळाले.

परत येऊन बघते तर टेबलात माझा चेहरा दिसत होता! दोन्ही डोळे, नाक, आणि हळूहळू उघडत जाणारं तोंड.

“काढलं बघ सगळं!” आत्या फडकं झटकत म्हणाली. “तू येईपर्यंत कोण थांबतंय! खाली भंगारवाला उभा होता, त्यालाच देऊन टाकलं.”

मी जिन्यावरून घरंगळत खाली पोचले. भंगारवाला गाडी ढकलायच्या बेतात होता.

“दादा, थांबा! माझी ट्यूब!”

“ट्यूबा ढीगभर आहेत, ताई. तुमची दिसायला कशी होती?”

“तळाकडून तिसऱ्या घडीवर तिरकी चीर. मला ती काढायचीय हो!”

“मग काढा की! फक्त पोतं फाडू नका.”

मी खांद्यापर्यंत पोत्यात शिरले. ट्यूब मिळाली, कप मिळाला, बल्बसुद्धा शाबूत मिळाला. मोज्यासाठी आणखी खोल हात घातला आणि मागून शेजारच्या काकूंचा गहिवरलेला आवाज आला.

“अगं बाई! एवढी शिकलेली पोर... नोकरीचं जमलं नाही का गं?”

“तसं नाही काकू! मी नेहमी अशाच वस्तू काढते.”

“नेहमी?” काकूंनी पदर तोंडाला लावला.

सातही वस्तू ओढणीत बांधून मी वर आले, तर आमच्या दारात रांग! काकूंनी इमारतभर बातमी पोचवली होती. कोणी दांडा नसलेली कढई आणली होती, कोणी जळकी इस्त्री. वरच्या मजल्यावरचे आजोबा जुनी कवळी पुढे करत म्हणाले, “लाजू नकोस बाळ. हिचे दोन दात अजून चांगले आहेत.”

आभार मानून दार लावलं आणि सातही वस्तू पुन्हा टेबलावर मांडल्या. तेवढ्यात बाबा आंघोळीच्या तयारीत बाहेर आले आणि टेबलाकडे बघून ओरडले, “माझा ब्रश!”

“बाबा, हा टाकाऊ नाही?”

“कालच दाढी केलीय यानं! टाकाऊ ठरवण्याआधी विचारत जा. उद्या मलाही मांडशील त्या कपाशेजारी!”

“संध्याकाळपर्यंत तरी द्या ना.”

“आत्या घरात असताना? छे! मी धरून बसतो, तू काढ.”

आणि बाबा खरंच बसले. टॉवेल खांद्यावर, ब्रश मुठीत, नजर आत्यावर. मी रंगवत राहिले. पुढे पुढे आत्याही फडकं बाजूला ठेवून बघत बसली. इतकी शांत दुपार आमच्या घरानं पूर्वी पाहिली नसेल.

अंधार पडता पडता सरांकडे पोचले. सरांनी चित्र दिव्याखाली धरलं.

“अंगठा सुंदर उतरलाय. हाही टाकाऊच?”

“नाही सर. तो वडिलांचा आहे.”

“लावतो,” सर म्हणाले.

प्रदर्शनाला आम्ही सगळे नटूनथटून गेलो. काकू होत्या, आजोबाही होते, नव्या कवळीसह. माझ्या खिळ्यापाशी पोचलो आणि बघते तर नुसताच खिळा! वाचनालयाचा शिपाई तिथे कमरेवर हात ठेवून गरजत होता, “इथलं चित्र कोणी काढलं?”

आयुष्यभर मी ज्या प्रश्नाची वाट बघत होते, तो हाच!

“मी काढलं!” मी छाती पुढे काढून म्हणाले.

“हिनंच काढलं!” बाबा म्हणाले. “आम्ही सगळे साक्षीला आहोत!”

“आणि टेबलावरचं मी काढलं होतं!” आत्या म्हणाली.

“शाबास!” शिपायानं कोपऱ्यातलं स्टूल माझ्यापुढे सरकवलं आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या माझ्या चित्राकडे बोट दाखवलं. “काढलंत ना? मग आता परत लावा!”

मी स्टुलावर चढून चित्र लावलं. पर्समधला कोनमापक काढून मोजलं. डावीकडे तीन अंश कललं होतं.