रशियन का झेक?

आमच्या इस्लामपुरात सर्जेराव आबांच्या घरचा चहा हवा असेल, तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. "रशियन का झेक?" दूधवाल्याला पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो बिचारा घाबरून म्हणाला, "आबा, म्हशीचंच हाय, शप्पत!"

प्रश्न सेरेनेडचा असतो. पूर्वी युरोपात म्हणे संध्याकाळी प्रेयसीच्या खिडकीखाली उभं राहून जे संगीत वाजवायचे, ते सेरेनेड. आबांना त्यातलं फक्त व्हायोलिन आणि त्याच्या थोरल्या भावंडांच्या ताफ्यासाठी रचलेलंच चालतं. मध्ये बासरी शिरली की बाद. हा रोग त्यांना साखर कारखान्यात जडला. टर्बाइन बसवायला आलेला एक झेक इंजिनिअर जाताना रशियन, झेक आणि इंग्रज अशा तीन संगीतकारांच्या सेरेनेडांची कॅसेट ठेवून गेला, आणि तिथल्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासणारा आमचा माणूस कामातून गेला.

निवृत्तीनंतर त्यांना उद्योग एकच, सगळ्यांत आवडतं सेरेनेड कोणतं ते ठरवायचं. ते काही ठरत नाही, आणि तुलना चालते ती साखर कारखान्याच्या भाषेत. "रशियनचा उतारा चांगला हाय मास्तर, पण मळी लय. झेकचा पाक झ्याक, पण दाणा बसंना. आन् इंग्रजाचा? निस्तं पाणी!" मी शाळेत भूगोल शिकवला. मला यातलं ओ की ठो कळत नाही. तरी शेजारी म्हणून रोज संध्याकाळी मला ऐकायला बसवतात, आणि जांभई दिली की "गाढवाला गुळाची चव काय" म्हणून मोकळे होतात. दाढी करताना न्हाव्याचं, ब्लडप्रेशर बघताना डॉक्टरचं, दाखला काढताना कारकुनाचं, सगळ्यांची मतं घेऊन झाली. अख्ख्या गावाला वेठीला धरून या माणसानं मिळवलं काय, देव जाणे.

दिवाळीत त्यांची मंडळी, शालनवैनी, लेकीच्या बाळंतपणाला शिरवळला गेल्या. बाळ रांगायला लागलं तरी परतायचं नाव नाही. फोनवर म्हणाल्या, "तुमचं गाणं तुमच्यापाशी. मला हितं बरं हाय." त्यावर आबांनी काढलेला तोडगा ऐकून मी कपाळाला हात लावला. शिरवळला जायचं, लेकीच्या खिडकीखाली उभं राहायचं आणि सेरेनेड लावायचं!

"अहो आबा, ज्या गाण्याला कंटाळून गेल्या तेच घेऊन जाताय? सरळ 'चल घरी' म्हणा की."

"तसं म्हणायला तोंड पायजे, मास्तर. इतक्या वर्सांत कवा म्हटलं न्हाई. आन् चुकीचा लावला तर ती कायमची बसंल तिथंच. सांगा, रशियन का झेक?"

बायकोशी दोन शब्द बोलायला परदेशी वाजंत्री लागणारा नवरा मी आजवर पाहिला नव्हता. शेवटी गाडी मीच काढली. वाटभर त्यांनी तिन्ही सेरेनेडं आलटून पालटून ऐकवली.

शिरवळला पार्किंगमध्ये इस्त्रीचा शर्ट घालून, स्पीकर छातीशी धरून आबा उभे राहिले आणि ऐनवेळी रशियन लावला. तो असा दणक्यात सुरू झाला की वरच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या. वॉचमननं मला विचारलं, "इलेक्शन लागलं व्हय?" मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. कडेवर बाळ घेतलेल्या वैनी ओरडल्या, "आवं, बंद करा ते!"

आबांनी बंद केलं. चेहरा एवढासा झाला. ते गाडीकडे वळले.

"निघालासा कुठं? तो रशियन लय आदळआपट करतो. झेकचा लावा. त्यातला दुसरा तुकडा, गोल गोल फिरतो तो."

आबा वर बघतच राहिले. "तुला ठावं हाय?"

"भाकऱ्या थापत रोज ऐकलाय की. अख्ख्या गावाला इचारलंसा. मला कवा इचारलंसा?"

आबांनी मान खाली घालून झेक लावला. वैनी बाळाला घेऊन खिडकीत जागच्या जागी डुलत होत्या. मला मनापासून वाईट वाटलं. रोज त्यांच्या घरी बसून मीही वैनींना कधी विचारलं नव्हतं.

तुकडा संपला तशा त्या म्हणाल्या, "या आता वर. माझी पिशवी भरायची हाय."

आबा जागचे हलेनात. डोळे पुसत मला म्हणाले, "मास्तर, हिला झेक आवडतो. मला ठावंच न्हवतं, गड्या."