डोळे मिटून सूर्य

मार्चमधला दुसरा रविवार, सकाळ. कोपरी, आमच्या सोसायटीचं ऑफिस. हजर: सेक्रेटरी म्हणून मी, खजिनदार सावंतकाका, दुसऱ्या मजल्यावरच्या शिर्केवहिनी आणि लॅपटॉपसमोर डोळे मिटून बसलेले गमरेभाऊ. विषय: टाकी धुणे, गच्चीचं कुलूप. गमरेभाऊंचा विषय यादीत कधीच नसतो, आणि नेहमी पहिला येतो.

"दोनच मिनिटं. डोळे मिटा आणि सूर्य बघा."

सावंतकाकांनी मिटले. मीटिंगमध्ये ते एरवीही मिटतात.

गमरेभाऊ नोकरी सोडून घरी सॉफ्टवेअर बनवतात. उपग्रहांनी आणि दुर्बिणींनी टिपलेली सूर्याची माहिती एका जागी आणायची, आणि कुणालाही ती फुकट उघडता, चाळता आली पाहिजे. शिवाय ती ऐकूही येते: उजेड वाढला की सूर चढतो, डाग आला की खाली घरघरतो. कुठल्या कुठल्या देशांतली पोरं ते उतरवून घेतात, आभाराचे मेल पाठवतात. गमरेभाऊंचं समाधान नाही. जिन्यात, गिरणीच्या रांगेत, दिसेल त्याच्या कानाला हेडफोन. "सेक्रेटरीबाई, नवीन व्हर्जन. पक्कं नाही अजून."

आज लॅपटॉपला स्पीकर जोडला होता. "मिक्सरमध्ये चटणी फिरतेय," शिर्केवहिनी म्हणाल्या.

"तो डाग आहे."

मग आवाज बंदच झाला. सावंतकाका दचकून जागे झाले. "गेली का लाइट?"

"नाही हो. तेवढ्या वेळाची माहिती आली नाही. शांतता पण माहितीच असते."

"अहो, पण ऐकायचा कशाला सूर्य?" वहिनी म्हणाल्या. "डोळे आहेत की आपल्याला."

"आपल्याला आहेत," गमरेभाऊ म्हणाले आणि स्पीकरची वायर गुंडाळायला लागले.

टाकी, कुलूप उरकलं. दोघं गेल्यावर मी सरळ विचारलं, "कोणासाठी चाललंय हे?"

"आक्कासाठी. मोहने गावात असते."

मोठी बहीण. गमरेभाऊ लहान असताना सूर्यग्रहण लागलेलं. सगळी चाळ दारं लावून आत. आक्का यांना ओढत बाहेर घेऊन गेली, परातीत हळदीचं पाणी ओतलं आणि म्हणाली, "बघ रे, काही होत नाही." परातीतला तो कुरतडलेला सूर्य यांच्या डोक्यातून कधी गेलाच नाही. आता साखरेच्या आजाराने आक्काची नजर गेली आहे.

"मग ऐकवलं काय त्यांना?"

"डागाचा सूर नीट लागत नाही अजून. एक व्हर्जन होऊ दे."

"भाऊ, जगभर पोचलं. मोहन्याला नाही?"

ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "तिला नुसती घरघर ऐकू आली तर? मला वाईट वाटू नये म्हणून म्हणेल, छान आहे रे. तसंच बोलते ती हल्ली."

मी तिथल्या तिथे ठरवलं: पुढचा रविवार, सकाळी निघायचं, सोबत मी. ते हो म्हणाले.

शनिवारी फोन केला. "उद्या निघायचं ना?"

"निघू की. फक्त तो डागाचा आवाज जरा..."

"तो आक्कांसमोर बसून लावा. त्या सांगतील कसा हवा ते."

पलीकडून काहीच आलं नाही. फोन चालू होता. मीही ठेवला नाही.

"पुढच्या रविवारी जाऊ," ते शेवटी म्हणाले.

टाकी धुऊन झाली. कुलूप बदललं. मोहने बाकी आहे.