वेंडेलच्या तीन पुंगळ्या

ऑर्व्हल स्टेनरुडच्या थोरल्या मुलीचं, लुआनचं, दुसरं लग्न झालं ते २००४ साल. त्या लग्नात ऑर्व्हल छाती काढून सगळ्यांना सांगत होता, "जावई बदलावे लागतात, भुसा नाही! माझा भुसा वीस वर्षं तोच आहे!"

हा भुसा मक्याच्या कणसांचा. उडालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या थरथरत्या पिंपात भुशाबरोबर चार तास फिरवल्या की लखलखीत निघतात. ऑर्व्हल दर महिन्याला भुसा चाळायचा, धूळ टिपायला जुन्या फडक्यांच्या चिंध्या पिंपात टाकायचा, वर चमचाभर पॉलिश घालायचा. पण बदलायचा मात्र नाही. मोंटानाच्या त्या लहानशा गावात कुणी माजी सैनिक गेला की सलामीच्या तीन फैरी झडत, आणि घडी केलेल्या झेंड्याबरोबर तीन पुंगळ्या विधवेच्या हाती देत. आधीच्या सलामीतल्या तीन घासून तयार ठेवायचं काम ऑर्व्हलचं. अलीकडे त्या पिंपात जाताना होत्या त्याहून काळ्या बाहेर येत. विधवेसमोर हे बोलणार कोण?

बोलला वेंडेल. कोरियाच्या लढाईपासूनचा त्याचा जोडीदार. गाव त्याला 'डच' म्हणे, वेंडेल म्हणणारा एकटा ऑर्व्हल. त्या शरद ऋतूत वेंडेलने अंथरूण धरलं होतं. डॉक्टरांनी आशा सोडली होती.

"माझ्या तीन तयार आहेत का?" त्याने विचारलं.

ऑर्व्हलने खिशातून काढून दाखवल्या.

"लेका, या काय कोळशाच्या खाणीतून आणल्यास? माझ्या इर्माच्या हातात असलं काही दिलंस तर शवपेटीतून उठून बसेन! भुसा बदल. चकचकीत पुंगळ्या बघितल्याशिवाय मी मरायचा नाही."

"मग नाहीच बदलत."

"बदल रे," वेंडेल हळूच म्हणाला. "मी दमलोय."

ऑर्व्हल निघाला. बंदुकीच्या सामानाचं दुकान नव्वद मैलांवर. पण अक्रोडाच्या कवचाचा भरडा पाळीव प्राण्यांच्या दुकानातही मिळतो. सरड्यांच्या पेटीत अंथरायला नेतात लोक. दुकान नॅडीनबाईंचं. त्या वसंतातच बिलिंग्जहून आलेल्या.

"सरड्यासाठी ना?" त्यांनी विचारलं.

वीस वर्षांची बढाई घशात आडवी आली. "हो," ऑर्व्हल म्हणाला.

"अगं बाई! नाव काय त्याचं?"

डोक्यात एकच नाव होतं. "वेंडेल."

घरी येऊन त्याने भरडा ओतला आणि नव्या नवरीचे लाड करावेत तसं अर्धी बाटली पॉलिश घातलं. चार तासांनी पिंपात चिखलाचे लाडू, आणि लाडवांत पुंगळ्या! आठवड्याने पुन्हा दुकानात जावं लागलं. तोवर सरडा त्याच्या डोक्यातून पार गेला होता.

"वेंडेल कसा आहे?" नॅडीनबाईंनी विचारलं.

ऑर्व्हलला गलबलून आलं. या परक्या बाईला किती काळजी! "चार दिवस काही खाल्लं नाही."

"हालचाल?"

"खिडकीकडे मान वळवतो. तेवढंच."

"कातडी?"

"सुटतेय."

"अहो, मग कोमट पाण्यात बसवा ना! हनुवटीखाली बोटाने चोळा. आणि हे घ्या, जिवंत रातकिडे. समोर नुसते सोडा, बघा कसा झडप घालतो!"

तेव्हा कुठे ऑर्व्हलच्या लक्षात आलं. पण आता खरं सांगायचं कुठल्या तोंडाने? भरड्याबरोबर त्याने रातकिड्यांचा डबाही घेतला.

या वेळी पॉलिश चमचाभरच. पुंगळ्या अशा निघाल्या की बघणाऱ्याने डोळे मिटावेत! दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आणि डबा घेऊन तो वेंडेलकडे गेला आणि सगळं खरं सांगितलं. वेंडेल हसला. कित्येक आठवड्यांनी हसला. नाकातली नळी निसटली, हात डब्याला लागला, आणि दोन डझन रातकिडे पलंगाखाली पळाले.

"ऑर्व्हल!" इर्मा दारातून ओरडली. "आजाऱ्याच्या खोलीत किडे?"

"पथ्याचे आहेत गं," वेंडेल म्हणाला.

मग त्याने एक पुंगळी उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिला. उपडी करताच आतून चिमूटभर भरडा पांघरुणावर सांडला.

"आतून टोचून काढायचा असतो, गाढवा."

"काढतो."

"बाकी झकास," वेंडेल म्हणाला, आणि पुंगळी परत दिली नाही. पलंगाखाली रातकिडे किरकिरत होते. ते मारू नकोस, असं त्याने इर्माला बजावलं.

डिसेंबरात ऑर्व्हल पुन्हा दुकानात गेला. आता भुसा वेळेवर बदलायचा, असं त्याने ठरवलं होतं.

"वेंडेल?" नॅडीनबाईंनी विचारलं.

"गेला."

त्या गल्ल्यामागून बाहेर आल्या, त्याचा हात धरला आणि खरोखरच रडल्या. "या जातीचे दहा वर्षं जगले तरी खूप. किती वर्षांचा होता हो?"

"त्र्याहत्तर," ऑर्व्हल म्हणाला.

नॅडीनबाई डोळे पुसायच्या थांबल्या. "खायला काय घालत होतात?"

वेंडेल 'डच' हॉफलंड शुक्रवारी, १९ नोव्हेंबर २००४ रोजी सकाळी आपल्या घरी वारला. झेंड्याबरोबर इर्माला दोनच पुंगळ्या दिल्या. तिसरी त्याच्या मुठीत होती.