मारुतीच्या गजाला लाल दोरा

बारशाला नरसय्यामामा आले की बाळाची आई बाळाला घट्ट धरून बसते. मामा बाळाचं तोंड बघतच नाहीत. हातात घेतात आणि उलटं करतात. पाठ, टाचा, मान सगळं बोटानं चाचपतात. मग म्हणतात, "मालाची उलटी बाजू बघायची. सुलटी काय, कुनीबी दाखवतंय."

मामांनी सगळा जन्म टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग केलं. विणून आलेला टॉवेल उजेडात धरायचा आणि फॉल्ट दिसला की काठाला लाल दोरा बांधायचा. काम सुटलं, पण दोरा सुटला नाही. खिशात लाल दोऱ्याचं रीळ कायम. भवानी पेठेतल्या आमच्या बोळात, मनाला येईल तेव्हा येणाऱ्या नळाला दोरा. वाकलेल्या विजेच्या खांबाला दोरा. एकदा माझा दीर पिऊन आला, तर बोलता बोलता त्याच्या मनगटालाही बांधला. दीर म्हणाला, "राखी व्हय मामा?" आणि पाया पडला.

पण मामांचं खरं भांडण देवाशी. "देवाकडं चेकिंग खातंच न्हाय," हे त्यांचं पालुपद. "पाठीला खाज येती नेमकी तितं हात पोचत न्हाय. हे काय डिझाईन म्हनायचं व्हय? दात दोनदा देतो, डोळे एकदाच. आन म्हनं सगळं कळतंय त्याला!"

समोरच्या शकूकाकू दिवसभर जपमाळ ओढतात, त्यांना हे सहन व्हायचं नाही.

"नरसय्या, मागच्या जन्माचे भोग असतात ते."

"मागच्या पाळीचा फॉल्ट ह्या पाळीवाल्याच्या माथी? मालकानं असं केलं असतं तर आमी गेटवर बसलो असतो की ओ, काकू."

"देव परीक्षा बघतो माणसाची."

"बघू दे की! पन लंगड्याचीच पळायची परीक्षा कशाला? चांगल्या पायाची मानसं संपली काय गावातली?"

काकू रागानं उठायच्या, पण गुडघे धरून. मामा लगेच खिशात हात घालायचे. "बांधू काय गुडघ्याला?"

देवाच्या चुका काढणाऱ्या मामांच्या सदऱ्याचं बटण मात्र कायम एक घर चुकलेलं. ते बघायला राजम्मामामी होत्या. त्यांच्या तेलुगूत 'एमय्या' म्हणजे 'अहो'. दिवसभर बोळात तीच हाक. "एमय्या! देवाची उलटी बाजू ऱ्हाऊ द्या, तुमची सुलटी बघा आधी!" मग मामा खाली मान घालून बटण लावायचे. या माणसाला गप्प करणारं दुसरं कुणी मी पाहिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. आता तोंडातून 'ए' तेवढं निघतं. पुढचं 'मय्या' निघत नाही.

मामींना दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी मामा बोळाच्या तोंडाशी असलेल्या मारुतीच्या देवळात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. गाभाऱ्याच्या दाराच्या एका गजाला लाल दोरा बांधला, मोठ्यांदा "फॉल्ट!" म्हणाले आणि नमस्कार न करता परत आले.

बायकांनी एवढंच पाहिलं की मामांनी दोरा बांधला. म्हणजे नवस! देवाला शिव्या देणारा माणूस नवस बोलतो, म्हणजे मारुती केवढा जागृत! शनिवारपर्यंत दार लालेलाल झालं. शकूकाकूंनी दोन बांधले, एकेका गुडघ्याचा एक. पुजारी दोरे विकायला बसला. मामा पायरीवर उभे राहून ओरडायचे, "अरे, तक्रार हाय ती! नवस न्हाय!" बायका त्यांच्याच पाया पडून आत जायच्या.

हनुमान जयंती जवळ आली तशी मंडळानं देवळाचं रंगकाम काढलं. मी तेल घालायला गेले होते, तेव्हा रंगारी कात्रीनं दोरे कापत होता. तेवढ्यात मामा एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, असे धावत आले आणि आपला गज धरला.

"ह्यो सोड."

मंडळाचा अध्यक्ष हसला. "काय मामा! देवाकडं चेकिंग न्हाय म्हनून बोंबलत हिंडता, आन बाद मालाचा दोरा जपताय व्हय?"

सगळे हसले. पदराआड मीही हसले. लाल दोरा म्हणजे माल बाद, असंच आम्ही सगळे समजत होतो.

"बाद?" मामा त्याच्याकडं बघतच राहिले. "बाद मालाला कोन दोरा बांधतंय रे? त्यो चिंध्यांत जातो सरळ. दोरा बांधला की माल कारागिराकडं परत जातो. दुरुस्तीला. नीट झाला की मग काढायचा." मग आवाज खाली आला. "माझं काम व्हायचंय अजून."

रंगाऱ्यानं ब्रश उचलून पलीकडच्या गजाला लावला.

आता देवळाचं दार चंदेरी झालंय, त्यात एक गज गंजका. मामा रोज सकाळी जातात. हात जोडत नाहीत. गाठ तेवढी चाचपतात, मारुतीकडं डोळे वटारून बघतात आणि घरी येतात.

परवा मी मामींना पेज द्यायला निघाले, तर मामा माझ्या पुढंच होते, देवळातून येत होते. सदऱ्याची बटणं सगळी नीट. घराच्या दाराशी ते थांबले. वरचं बटण काढलं आणि एक घर चुकवून लावलं. मग आत जाऊन मामींच्या समोर बसले.

मामींनी बटणाकडं बघितलं. डावा हात थोडा उचलला.

"ए..."

मामा मान पुढं करून तसेच बसून राहिले.